खुब्याचा कृत्रिम सांधा : टिकाऊपणाचा जमाखर्च
(काशीद येथील आरोग्यविषयक व्याख्यानाचा मजकूर)



काशीदची पांढरी पुळण पाहण्यास दूरदूरचे लोक येतात. परंतु किनाऱ्यावर राहणाऱ्यांना या वाळूचा दुसरा गुणही ठाऊक आहे. दाराच्या बिजागरीत तिचे चार कण शिरले, की बिजागरी कुरकुरते आणि पाहता पाहता झिजते. खुब्यात बसविलेल्या कृत्रिम सांध्याची कथा याहून फार निराळी नाही. फरक इतकाच, की तेथे कण बाहेरून येत नाहीत. ते सांध्याच्या घर्षणातूनच निर्माण होतात.

खुबा हा उखळीचा सांधा. मांडीच्या हाडाचा गोळा कमरेच्या हाडातील खोबणीत फिरतो. संधिवाताने, अपघाताने किंवा रक्तपुरवठा खुंटल्याने हा सांधा निकामी झाला, की नवा गोळा आणि नवी वाटी बसवितात. आपल्या देशात असे रुग्ण पुष्कळदा ऐन तिशी-चाळिशीतील असतात. म्हणून सांधा बसला, चालणे सुरू झाले, एवढ्याने हिशेब पुरा होत नाही. तो किती वर्षे टिकेल, हाच खरा प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर मुख्यतः गोळा व वाटी कोणत्या पदार्थाची आहे, यात दडलेले आहे.

आधुनिक शस्त्रक्रियेचे प्रवर्तक इंग्लंडमधील शल्यविशारद जॉन चार्नली. १९५० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी टेफ्लॉनची वाटी वापरली. आरंभी रुग्ण आनंदाने चालू लागले. मात्र थोड्याच वर्षांत वाट्या झिजल्या आणि सुमारे ३०० रुग्णांच्या बाबतीत अपयश पदरी आले. खचून न जाता चार्नली यांनी १९६२ मध्ये पोलादी गोळा आणि पॉलिथिनची वाटी ही जोडी आणली. तिने दीर्घकाळ साथ दिली, तरी एक उणीव उरली. पॉलिथिन वर्षाला साधारण ०.१ मिलिमीटर झिजे. ते सूक्ष्म कण गिळण्यास शरीरातील पेशी धावून येत आणि त्या झटापटीत भोवतालचे हाडच विरघळू लागे. सांधा सैल होई व दुसरी शस्त्रक्रिया अटळ ठरे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस किरणोत्साराने अंतर्गत बंध दृढ केलेले पॉलिथिन आले आणि ही झीज लक्षणीयरीत्या घटली. आज त्याच्या वीस वर्षांच्या नोंदी उपलब्ध असून त्या समाधानकारक आहेत.

दुसरा पर्याय सिरॅमिकचा. फ्रान्समधील पिएर बुताँ यांनी १९७० मध्ये तो प्रथम वापरला. झीज अत्यल्प, परंतु जुन्या घडणीचे गोळे क्वचित फुटत, तर काहींच्या सांध्यातून करकर ऐकू येई. २००१ मध्ये भट्टीतील प्रक्रिया बदलल्यामुळे सदोष ठरलेले झिर्कोनियाचे गोळे जगभरातून परत घ्यावे लागले. पुढे घडण सुधारली, आणि आज सिरॅमिकचा गोळा व सुधारित पॉलिथिनची वाटी ही जोडी सर्वत्र प्रचलित आहे.

तिसरा पर्याय धातूवर धातूचा, आणि येथेच महाराष्ट्राला कटू अनुभव आला. डीप्यू कंपनीचा 'ए.एस.आर.' सांधा तरुणांसाठी उत्तम म्हणून विकला गेला. घर्षणातून कोबाल्ट व क्रोमियम रक्तात उतरू लागले, सांध्याभोवतीचे स्नायू व ऊती सडू लागल्या. ब्रिटनच्या नोंदींत पाच वर्षांच्या आत सुमारे १२ ते १३ टक्के रुग्णांवर पुन्हा शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीने तो जगभरातून मागे घेतला. भारतात तोवर सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने याविरुद्ध पोलिसांत तक्रार नोंदविली. केंद्र शासनाने २०१७ मध्ये तज्ज्ञ समिती नेमली आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये ३० लाख ते १ कोटी २३ लाख रुपये भरपाईचे सूत्र मान्य केले. परंतु सुमारे ३,६०० रुग्णांचा ठावठिकाणाच लागला नाही. आपल्या देहात काय बसविले आहे, हेच कित्येकांना ठाऊक नव्हते. भरपाई मंजूर झाली, घ्यावयाची कोणी?

येथे जमाखर्चाचे महत्त्व ध्यानी येते. स्वीडनने १९७९ मध्ये आणि ऑस्ट्रेलियाने १९९९ मध्ये प्रत्येक कृत्रिम खुब्याची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली. ऑस्ट्रेलियात नोंदींतून दोष दिसला आणि जगाच्या आधी, डिसेंबर २००९ मध्येच, तो सांधा तेथील बाजारातून निघाला. कापडाचा पोत दुकानात दिसतो, कस धुलाईनंतर कळतो. सांध्याचा कस तर वहीत वीस वर्षे लिहिल्यावाचून कळत नाही. २०१९ मध्ये 'लॅन्सेट' नियतकालिकात अशा नोंदींचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला : १५ वर्षांनी सुमारे ८९ टक्के, २० वर्षांनी ७० टक्के आणि २५ वर्षांनी ५८ टक्के सांधे टिकून होते. हे आकडे बव्हंशी जुन्या पदार्थांचे आहेत, हेही लक्षात घ्यावे.

शस्त्रक्रियेसाठी येथून मुंबई गाठणाऱ्या कुटुंबांनी तीन गोष्टी अवश्य पाळाव्यात. गोळा व वाटी कोणत्या पदार्थाची आणि तिच्या किती वर्षांच्या नोंदी आहेत, हे शल्यविशारदांना आधी विचारावे. कंपनीचे नाव व क्रमांक असलेले वेष्टनावरील लेबल मागून घेऊन कागदपत्रांत जपावे. वेदना नसली तरी डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीत एक्स-रे काढावा. धातूवर धातू असा सांधा असल्यास रक्ताची तपासणीही करून घ्यावी.

सोन्याची पावती पिढ्यान्‌पिढ्या जपणाऱ्या घरात देहात बसविलेल्या सांध्याचा कागद मात्र हरवतो, हे उचित नव्हे. रुग्णालय बंद होईल, डॉक्टर निवृत्त होतील. घरातील तो कागदच अखेर रुग्णाच्या बाजूने साक्ष देईल. सर्वांस निरामय दीर्घायुष्य लाभो, ही सदिच्छा. जय जिनेंद्र!