रघुनाथराव कर्वे आणि संमतिपत्रावरील एक सही

(कुटुंबकल्याण विभागाच्या नूतन समुपदेशन कक्षाच्या उद्घाटनप्रसंगी रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



या कक्षास रघुनाथ धोंडो कर्वे यांचे नाव द्यावे, असा प्रस्ताव आम्ही विश्वस्त मंडळापुढे ठेवला, तेव्हा दोन हितचिंतकांनी हरकत घेतली. कर्व्यांचे मासिक चारचौघांत वाचण्याजोगे नव्हते, असे एकाचे म्हणणे. संततिनियमन म्हटले की आणीबाणीतील सक्ती आठवते, असे दुसऱ्यांचे. दोघांचाही आमच्यावर लोभ आहे. म्हणून उत्तर जाहीरपणे देणे आम्हांस योग्य वाटते.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे हे ज्येष्ठ चिरंजीव. जन्म १८८२ चा. मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात ते गणित शिकवीत. १९२१ साली, म्हणजे लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी आपले केंद्र उघडले त्याच वर्षी, रघुनाथरावांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. या कार्यापायी त्यांना प्राध्यापकी सोडावी लागली. जुलै १९२७ पासून त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले, ते १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. कोणतेही कार्य पाहिले की प्रथम जमाखर्च पाहतो. या मासिकाच्या जमेच्या बाजूस फारसे काही नव्हते. पत्नी मालतीबाईंनी संसार सावरला नसता तर ते इतकी वर्षे टिकते ना. मूल होऊ न देण्याचा निर्णय उभयतांचा होता आणि त्यासाठी शस्त्रक्रिया रघुनाथरावांनी स्वतःवर करवून घेतली.

मासिकाच्या मुखपृष्ठावर विवस्त्र स्त्रीचित्रे असत, हे खरे. ती आम्हांसही रुचत नाहीत. अश्लीलतेच्या आरोपावरून त्यांच्यावर खटले झाले, दंडही झाला. परंतु १९३४ चा खटला वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून होता. त्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. खटला हरला. ज्या प्रश्नांच्या उत्तरांसाठी रघुनाथरावांनी दंड भरला, त्याच जातीचे प्रश्न आजही आमच्या बाह्यरुग्ण विभागात दार लावून, खालच्या आवाजात विचारले जातात.

दुसरी हरकत अधिक जड आहे. जगभरच्या संततिनियमन चळवळीत त्या काळी सुप्रजननाचा विचार मिसळलेला होता; कोणी प्रजा वाढवावी आणि कोणी नाही, हे इतरांनी ठरविण्याची भाषा त्यात होती. पुढे १९७६–७७ या एका वर्षात देशात ऐंशी लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. बहुसंख्य पुरुषांच्या, आणि त्यांतील कित्येक बळजबरीच्या. रघुनाथरावांच्या विचाराचा गाभा मात्र स्त्रीचे आरोग्य आणि तिची इच्छा हा होता. स्त्रीला नको असलेले मातृत्व लादू नये म्हणणारा मनुष्य नको असलेली शस्त्रक्रिया लादण्याच्या बाजूने कसा धरावा, हे आम्हांस उमगत नाही.

त्या सक्तीची किंमत स्त्रिया आजही देत आहेत. पुरुष नसबंदीचे नाव काढण्याची सोय राहिली नाही. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार विवाहित स्त्रियांपैकी सुमारे ३८ टक्क्यांनी स्वतः शस्त्रक्रिया करून घेतली होती. पतीने करून घेतल्याचे प्रमाण अवघे ०.३ टक्के.

येथे आमच्याच घरातील एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. स्त्रीच्या नसबंदीस पतीच्या संमतीची अट शासकीय नियमांत नाही. तरीही आपल्या रुग्णालयात अनेक वर्षे पतीची सही मागितली जात असे. नियमाने नव्हे, रिवाजाने. पुढे कटकट नको म्हणून. तीन मुलांची आई असलेली एक भगिनी सही मिळेना म्हणून दोनदा परत गेली आणि तिसऱ्यांदा आली ती थेट प्रसूतीसाठी. कागद आमच्या कार्यालयाने छापलेला होता. दोष डॉक्टरांचा नाही, आमचा आहे.

तो रकाना आता छापील नमुन्यातून काढला आहे. या कक्षात स्त्रीशी प्रथम एकटीने बोलले जाईल. पतीस बोलवायचे की नाही, हे ती सांगेल. पुरुषांसाठी शनिवारी दुपारची वेळ राखून ठेवली आहे, अद्याप तिकडे गर्दी नाही. नावाचा निर्णय मंडळाच्या पुढील सभेत व्हावयाचा असल्याने दारावरील फलक आज कोराच लावला आहे.