रंग, कोंडा आणि घर



रंगीत घर आणि कोंड्यासकट धान्याचें स्वयंपाकघर हा आजच्या माझ्या भाषणाचा विषय आहे. नांव भारदस्त वाटतें. परंतु हा विषय निघाला तो एका ताटांतून. त्या ताटांतला अर्धा भात रोज तसाच राहत होता, आणि तो कां राहतो हें समजावयास आम्हां शहाण्यासुरत्या माणसांना चार महिने लागले.

आमच्या सासूबाईंचें वय आतां ८१ आहे. सारें आयुष्य त्यांनीं मंगळवेढ्याकडील आपल्या घरांत काढलें. दोन वर्षांपूर्वीं दृष्टि फारच अधू झाली, तेव्हां तें घर बंद करून त्या पुण्यास आमच्या बिऱ्हाडीं राहावयास आल्या. आमचें बिऱ्हाड पांचव्या मजल्यावर. त्याच्या आदल्या दिवाळींत आम्हीं तें रंगवून घेतलें होतें. भिंती पांढऱ्या, दारें पांढरीं, दिव्यांचीं बटणें पांढरीं, स्वयंपाकघराची फरशी पांढरी. रंगाऱ्यानें दाखविलेल्या पुस्तकांत पांढऱ्याच्याच वीस-पंचवीस जाती होत्या, आणि त्यांतील एक निवडण्यांत आम्हीं उभयतांनीं दोन रविवार घालविले होते. येणारे-जाणारे "किती प्रसन्न वाटतं!" म्हणत. सासूबाई पहिल्या दिवशीं आंत आल्या, स्वयंपाकघराच्या दारापाशीं थबकल्या, हातानें भिंत चांचपली आणि म्हणाल्या, "अगं, यांत दार कुठं आहे?" मी हंसलें. म्हातारपणचा विनोद, असें मला वाटलें.

तो विनोद नव्हता. चौकटीवर त्यांचा खांदा आपटूं लागला. बटण सांपडत नसे म्हणून संध्याकाळीं त्या अंधारांतच बसून राहत, आणि आम्हीं विचारलें तर "काय करायचाय दिवा?" म्हणत. जेवणहि उतरलें. दुपारीं दहीभात कालवून द्यावा, तर ताटाची एक बाजू रिकामी होई आणि दुसरी तशीच राही. "पुरे झालं," म्हणून त्या हात धुवून मोकळ्या होत. वजन सहा किलोनें कमी झालें. गांव सुटल्याचें दुःख आहे, असें आम्हीं मनाशीं ठरवून टाकलें. हें ठरविणें सोयीचें होतें, कारण त्यावर आम्हांला कांहीं करावयाचें नव्हतें.

त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू आहे. ठरल्याप्रमाणें तपासणीस नेलें असतां नेत्रवैद्यांनीं सहज विचारलें, "या जेवतात कशांत?" मी म्हणालें, चिनी मातीच्या पांढऱ्या ताटांत. "आणि काय?" बहुधा भात. "म्हणजे पांढऱ्यावर पांढरं. दिसणार कसं?" काचबिंदूनें नजर कडांकडून आकसत जाते हें पुष्कळांस ठाऊक असतें. परंतु गडद आणि उजळ यांतील अंतर पारखण्याची डोळ्याची शक्तिहि त्यांत क्षीण होते, हें मला ठाऊक नव्हतें. सासूबाईंची भूक गेली नव्हती. त्यांना ताट संपलेलें दिसत होतें.

त्याच संध्याकाळीं मीं गडद निळ्या रंगाची एक थाळी विकत आणली. दुसऱ्या दिवशीं दहीभात शितासकट संपला. मला आनंद होण्याआधीं लाज वाटली, हें येथें सांगितलें पाहिजे.

आतां प्रश्न असा कीं, आमचें घर इतकें पांढरें झालें कसें? आपल्या वर्गाला मराठींत पांढरपेशा म्हणतात. मूळ अर्थ पांढऱ्या पोषाखाचा; पण तो शब्द आम्हीं फारच मनावर घेतलेला दिसतो. कपडे पांढरे, मग साखर पांढरी, पीठ मैद्यासारखें, तांदूळ आरशासारखा आणि शेवटीं भिंतीहि. पांढरें म्हणजे स्वच्छ आणि स्वच्छ म्हणजे सुशिक्षित! माझ्या लहानपणीं पाहुणे आले कीं भाकरीची चवड फडक्याखालीं झांकून पोळ्या पुढें येत. ती भाकरी वाईट होती असें आमच्या घरांतील कोणीहि कधीं म्हटलें नव्हतें.

पांढऱ्या रंगाशीं माझें वैर नाहीं. आपल्या जुन्या पंक्तीचें पान आठवून पाहा. हिरव्यागार केळीच्या पानावर पांढऱ्या भाताची मूद, तिच्यावर पिवळें वरण, डाव्या हाताला मीठ, लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर, उजव्या हाताला भाज्या, पानाभोंवतीं रांगोळी. त्या पानावर आमच्या सासूबाईंना एकहि पदार्थ शोधावा लागला नसता. डहाणू-जव्हारकडे वारली बायका गेरूच्या तांबड्या भिंतीवर तांदळाच्या पिठानें चित्रें काढीत आल्या आहेत. तेथेंहि पांढरा उठून दिसतो, कारण त्याच्या मागें तांबडा आहे. पांढरा रंग पूर्वीं दहांतला एक होता. आम्हीं बाकीचे नऊ काढून टाकले.

धान्याच्या बाबतींत तर हें काढून टाकणें अक्षरशः खरें आहे. तांदळाचा तांबडा किंवा तपकिरी रंग असतो तो दाण्याच्या गाभ्यांत नव्हे, गाभ्यावरच्या पातळ कोंड्यांत. गिरणींत तांदूळ घासून पांढरा केला कीं रंग जातो, आणि त्या कोंड्याबरोबर व अंकुराबरोबर दाण्यांतील चोथा, तेल आणि ब-१ जीवनसत्त्वाचा बराचसा भाग जातो. म्हणजे रंग घालविणें आणि सत्त्व घालविणें हें एकाच घासण्यांत होतें.

हें जगाला कळलें तें कोंबड्यांमुळें. १८९० च्या सुमारास जावा बेटावर क्रिस्तियान आयकमान नांवाचे डच डॉक्टर बेरीबेरी या रोगाचें कारण शोधीत होते. त्यांच्या प्रयोगशाळेंतील कोंबड्या एकाएकीं लुळ्या पडूं लागल्या, आणि कांहीं दिवसांनीं आपोआप बऱ्या झाल्या. चौकशी करतां उलगडा झाला कीं, मध्यंतरीं त्यांना लष्करी रुग्णालयांतील उरलेला शिजलेला पांढरा भात घालीत असत. पुढें नवा आचारी आला. लष्कराचा भात मुलकी कोंबड्यांना कां म्हणून द्यावयाचा, असें म्हणून त्यानें तो बंद केला. मग त्यांना साधा, न घासलेला तांदूळ मिळूं लागला आणि त्या चालूं लागल्या. आयकमान यांना प्रथम वाटलें कीं पांढऱ्या भातांत कांहीं विष आहे आणि कोंड्यांत त्याचा उतारा. भातांत विष नसून त्यांतील कांहीं आवश्यक वस्तु काढून घेतलेली आहे, हा अर्थ त्यांचे उत्तराधिकारी ग्राइन्स यांनीं १९०१ मध्यें लावला. आयकमान यांना १९२९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. त्या हिशेबी आचाऱ्याचें नांव मात्र कोणाच्या स्मरणांत नाहीं.

आपल्या कोंकणांत आणि गोव्यांत या प्रश्नाचें एक उत्तर फार पूर्वींपासून चालत आलें आहे. तें म्हणजे उकडा तांदूळ. भात टरफलासकट भिजवून उकडतात, वाळवितात आणि मग सडतात. उकडतांना कोंड्यांतील ब-१ चा कांहीं भाग दाण्याच्या आंत मुरतो, त्यामुळें पुढें तांदूळ सडला तरी तें सगळें वाहून जात नाहीं. पेज पिणाऱ्या आजीला हें रसायनशास्त्र माहीत नव्हतें. पण आमटीभात सोडून उकड्याची पेज खाणाऱ्याला मागासलेला समजणाऱ्या मुंबईकर नातवालाहि तें माहीत नव्हतें.

ज्वारी या बाबतींत मोठी प्रामाणिक. मंगळवेढ्याची मालदांडी मोत्यासारखी पांढुरकी असते, म्हणजे माझ्या पांढऱ्यावरील रागाला ती सरळ उत्तर देते! परंतु भाकरीसाठीं ती दळली जाते ती सबंध. तिचें कांहीं काढून घेतलें जात नाहीं. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, तेव्हां सासूबाई म्हणाल्या होत्या, "सरकारला आत्ता कळलं होय?" नाचणीचा दाणा तर इतका बारीक कीं ती घासून पांढरी करण्याच्या भानगडींत कोणी फारसें पडलेंच नाहीं. १०० ग्रॅम नाचणींत सुमारें ३५० मिलिग्रॅम चुना, म्हणजे कॅल्शियम असतें. पांढऱ्या तांदळांत तें दहाच्या आसपास.

तेव्हां प्रथम ताट बदललें आणि मग ताटांतील अन्न. निळ्या थाळींत तांबड्या तांदळाचा भात किंवा भाकरी, शेंगांची तांबडी चटणी, कारळाची काळी, जवसाची तपकिरी, दह्याची वाटी. सासूबाई आतां बोटानें न चांचपतां चटणी घेतात. चार किलो वजन परत आलें आहे. त्याचें श्रेय रंगाला किती आणि कोंड्याला किती, हें मी सांगूं शकत नाहीं.

मग भिंतींकडे वळलें. सासूबाईंच्या गांवच्या घरीं प्रत्येक चौकटीभोंवतीं आणि भिंतीच्या पायथ्याशीं गेरूचा पट्टा असे. तसा पट्टा येथें द्यावा असें मनांत आलें. गेरू पाण्यांत कालवून प्लॅस्टिक रंगावर लावला; दुसऱ्या दिवशीं त्याची पूड होऊन खालीं आली. मातीची किंवा चुन्याची भिंत पाणी पिते आणि पाण्याबरोबर रंग आंत घेते. प्लॅस्टिकची भिंत कांहींच पीत नाहीं. शेवटीं चौकटीभोंवतीं चार बोटें रुंदीचा पट्टा गिलाव्यापर्यंत खरवडून काढला, त्यावर विरविलेला चुना दिला आणि वर गेरूंत थोडें डिंकाचें पाणी घालून दोन हात दिले. तो टिकला. चुना ओला असतां हवेंतील कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हां दगड होतो आणि रंगाला धरून ठेवतो.

स्वयंपाकघराची एक भिंत पिवळी करावी म्हणून मीं चुन्याच्या बादलींत चांगली ओंजळभर हळद टाकली. पाहतां पाहतां बादली तांबडीलाल झाली. सासूबाईंना रंग दिसला, त्या कितीतरी महिन्यांनीं मोकळेपणीं हंसल्या आणि म्हणाल्या, "अगं, भिंत रंगवतेस कीं कुंकू करतेस?" हळद आणि चुना मिळून कुंकू होतें हें मला लहानपणापासून ठाऊक होतें, आणि तरी ती हळद मीं चुन्यांत टाकली! चुन्यांत टिकतो तो मातीचा पिवळा, म्हणजे पिवडी. गेरू काय आणि पिवडी काय, दोन्ही लोखंडाच्या गंजाचीच भावंडें. पिवडींत पाण्याचा अंश असतो, आणि ती भाजली तर तीहि तांबडी होते.

घर सजवावयाचें म्हटलें कीं आपण सुंदर छायाचित्रांचीं पुस्तकें चाळतों. मलाहि त्यांचा नाद आहे. परंतु भिंत आणि भात हे दोन्ही विषय एकाच वेळीं हातीं घेणारी मंडळी आपल्याच प्रांतांत होऊन गेलीं. १९३४ च्या अखेरीस वर्ध्यास अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला. जे. सी. कुमारप्पा त्याचे चिटणीस. हातसडीचा तांदूळ, घाणीचें तेल, गूळ, यांचा अभ्यास आणि प्रचार मगनवाडींत होऊं लागला. पुढें दोनच वर्षांनीं, १९३६ च्या डिसेंबरांत, खानदेशांतील फैजपूर येथें राष्ट्रसभेचें खेड्यांत भरलेलें पहिलें अधिवेशन झालें. त्याच्या सजावटीसाठीं गांधीजींनीं शांतिनिकेतनाहून नंदलाल बोस यांना बोलाविलें, आणि तीहि बांबू, गवत अशा खेड्यांतल्याच साहित्यांतून करावयाची होती. सेवाग्रामच्या बापूकुटीच्या भिंतीवर मीराबेननीं मातीचींच उठावाचीं झाडें काढलीं आहेत. तेथें रंग असा जवळजवळ नाहींच. आहे ती माती. पण त्या भिंतींत दार कोठें आहे असें कोणाला विचारावें लागणार नाहीं.

या मार्गांत अडचणी आहेत, त्या लपवूं नयेत. कोंड्यांत तेल असतें आणि तें खवट होतें. बाजरीचें पीठ आठवड्याच्या आंत कडू पडतें, हातसडीच्या तांदळांत किडे लौकर होतात. पांढरा तांदूळ व्यापाऱ्याला प्रिय आहे तो त्याच्या टिकाऊपणामुळेंहि. थोडें आणावें, थोडें दळावें आणि पुन्हां आणावें, हा व्याप नोकरी करणाऱ्या बाईला सोपा नाहीं. आमच्याकडे दळणाचें काम मुलाकडे दिलें आहे आणि तो कुरकुरत करतो. तांबडा तांदूळ तासभर भिजवावा लागतो. आणि २०२३ हें आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झाल्यापासून नाचणी चकचकीत पुड्यांत शिरून महाग झाली आहे, त्या पुड्यांतील बिस्किटांत नाचणी किती आणि मैदा-साखर किती हें मागची बारीक अक्षरें वाचून पाहावें.

गेरूचा पट्टा दर दिवाळीला पुन्हां द्यावा लागतो, कारण सासूबाई येतां-जातां त्यावर हात टेकतात आणि त्यांचीं बोटें तांबडीं होतात. यंदा तो त्यांनीं स्वतःच दिला. मीं वाटी धरली होती. डाव्या बाजूला, खालच्या टोकाशीं तो थोडा वांकडा गेला आहे. तसाच ठेवला आहे.