नरक्या : एका झाडाचे देणे
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



मी कापडाचा व्यापारी. शास्त्र शिकलो नाही, हिशेब शिकलो. तरीही आज एका झाडाविषयी बोलण्याची अनुज्ञा घेतो. कारण त्या झाडाचे देणे माझ्या खाती निघते.

सह्याद्रीच्या सदाहरित रानांत 'नरक्या' नावाचे झाड वाढते. त्याची दुर्गंधी त्याच्या नावातच आहे. १९६६ मध्ये नंदुरबारला जन्मलेले डॉ. मनसुख वाणी आणि मनरो वॉल यांनी अमेरिकेत एका चिनी वृक्षातून 'कॅम्प्टोथेसिन' हे कर्करोगविरोधी द्रव्य वेगळे केले. १९७२ मध्ये भारतीय संशोधकांना तेच द्रव्य नरक्यात आढळले. मूळ द्रव्य पाण्यात विरघळेना व विषारीही ठरले; म्हणून त्यात फेरफार करून टोपोटेकान व इरिनोटेकान ही औषधे सिद्ध झाली. १९९६ मध्ये अमेरिकेत त्यांना मान्यता मिळाली.

झाडात द्रव्य किती, हे कसे कळते? धागा सुती की पॉलिएस्टरचा, हे आम्ही जाळून पाहतो. सुताची राख होते, पॉलिएस्टरची गोळी होते. रसायनशास्त्रज्ञ साल वाळवून, दळून तिचा अर्क काढतात. तो बारीक भुकटी भरलेल्या नळीतून दाबाने सोडला, की त्यातील घटक वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात आणि आलेखावर प्रत्येकाचे शिखर उमटते. शुद्ध नमुन्याच्या शिखराशी ते ताडले, की प्रमाण कळते. ते झाडागणिक व अवयवागणिक बदलते : मुळांत व सालीत अधिक, पानांत कमी.

हेच ज्ञान झाडाच्या जिवावर उठले. मुळांसाठी झाड समूळ निघू लागले. सुमारे तीस वर्षांपूर्वी एका परिचिताने या लाकडाच्या एका खेपेसाठी माझ्याकडे रक्कम मागितली. मी दिली. नफा आला, तोही घेतला. श्रावकाने टाळावयाच्या १५ कर्मादानांत 'वनकर्म' आहे, हे मला ठाऊक होते. परंतु कुऱ्हाड माझ्या हाती नव्हती, एवढ्यावर मी मनाचे समाधान केले.

पुढे माझ्या थोरल्या वहिनींना मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला. सलाईनमधून दिले जाणारे औषध इरिनोटेकान होते. त्यांना चार वर्षे अधिक लाभली. त्या खाटेजवळ बसून मला त्या खेपेची आठवण झाली. ज्याच्या कुळातील द्रव्याने घरचे माणूस जगत होते, ते झाड मी तोडवले होते.

बंधूंनो, औषध नको, असे मी म्हणणार नाही. तेच पृथक्करण झाडाला वाचवूही शकते. कोणत्या झाडात द्रव्य अधिक, हे कळल्यास त्याच्या बियांची रोपे करता येतात; लागवडीतून माल मिळाल्यास रानाला हात लावावा लागत नाही. त्या नफ्याइतकी रक्कम मी रोपवाटिकेसाठी आजच ट्रस्टच्या स्वाधीन करीत आहे. हे दान नव्हे; थकलेली बाकी आहे.

जय जिनेंद्र.