आपली फरशी, खालच्यांचं छत
(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त गच्चीवर झालेल्या सभासदांच्या मेळाव्यातील भाषण)



आठवणी सांगायला बऱ्याच जणांनी नावं दिली आहेत. मला मात्र सेक्रेटरी म्हणाले, "वहिनी, तुम्ही बाथरूमवर बोला." हसू नका! इमारतीला २५ वर्षं झाली म्हणजे तिच्या पाइपांनाही २५ झाली. यंदा घरोघरी बाथरूमची कामं निघाली आहेत, आणि समितीकडे गळतीच्या तक्रारीही येत आहेत. अशी एक तक्रार पूर्वी माझ्याविरुद्धच होती, म्हणून मला बोलायचा हक्क आहे.

दहा वर्षांपूर्वी आम्ही बाथरूम नवं केलं. दोन रविवार दुकानं पालथी घालून चकचकीत क्रीम रंगाच्या टाइल्स आणल्या. मिस्त्रीने जुनी फरशी फोडली, नवी बसवली. मधे काय केलं, हे मी विचारलंच नाही. सहा महिन्यांत खालच्या काकूंच्या छताला ओल आली. त्या सांगायला आल्या, तर मी म्हटलं, "पावसाचं असेल." तेव्हा एप्रिल चालू होता! ज्या काकूंनी माझ्या मुलीला लहानपणी सांभाळलं, त्यांच्याशी वर्षभर बोलणं बंद. त्याच वर्षी सासूबाई त्या चकचकीत फरशीवर घसरल्या. मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, हातात काठी आली ती कायमची. शेवटी सगळं पुन्हा फोडलं. तेव्हा जे शिकले, ते सांगते.

आधी फरशीखालचं. बाथरूमचा स्लॅब बहुधा बाकीच्या घरापेक्षा खाली घेतलेला असतो. त्यात पाइप टाकून विटांच्या तुकड्यांचा कोबा भरतात. पाणी अडवायचं काम या थरातल्या वॉटरप्रूफिंगचं. टाइल्सच्या सांध्यांवर भिसत ठेवू नका. फरशी फोडताना हा थर दुखावतो, म्हणून तो नव्याने करून घ्या, आणि भिंतीवरही फूटभर चढवा. शॉवरच्या बाजूला त्याहून जास्त. मग नहाणी ट्रॅपचं तोंड बंद करून पाणी भरा आणि निदान २४ तास तसंच ठेवा. ४८ तास ठेवलंत तर उत्तम. टाइल्स त्यानंतरच. मिस्त्री म्हणेल, "ताई, गरज नाही, उगाच दोन दिवस जातील." जाऊ देत. तेवढ्यात खालच्या घरी जाऊन त्यांचं छत स्वतः बघून या.

लोखंडी पाइप आतून गंजलेले असतात. नळ नवे आणि पाइप जुने, असं करू नका. गरम पाण्याला सीपीव्हीसी चालतो. भिंत बुजवण्याआधी पाइपांत दाबाने पाणी भरून सांधे तपासून घ्या. फरशीचा ढाळ नहाणीकडे हवा, मीटरला साधारण एक सेंटिमीटर. बादलीभर पाणी ओतून बघा. कोपऱ्यात डबकं राहिलं तर तिथल्या तिथे दुरुस्त करायला लावा.

आता पडण्याबद्दल. जमिनीला खरखरीत, मॅट टाइल्सच घ्या, चकाकी भिंतीवर. कमोडजवळ आणि शॉवरजवळ ३३ ते ३६ इंचांवर भक्कम हँडल बसवा. टॉवेलचा रॉड माणसाचं वजन पेलत नाही, हे आमच्या घरी कळलं. दार बाहेर उघडणारं असावं. आत कुणी पडलं, तर आत उघडणारं दार त्यांनाच अडतं. आज आपण तरुण असलो तरी हँडल लावा. ही इमारत नवी होती तेव्हा आपण जिने दोन-दोन पायऱ्यांनी चढत होतो, आठवतंय ना?

विजेचा गीझर असेल तर अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच. गॅस गीझर बाथरूमच्या आत नको म्हणजे नको. त्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ शकतो. त्याला वास नसतो, कळतही नाही.

आणि सौंदर्य? तेही हवंच की! भिंतींना फिकट रंग, मोठ्या टाइल्स म्हणजे सांधे कमी, साबण-शांपूला भिंतीत कोनाडा, आरशावर चांगला दिवा. खिडकी मात्र बुजवू नका. हवा खेळली तर बुरशी धरत नाही, आणि स्वच्छ, कोरडं बाथरूम आपोआप देखणं दिसतं.

शेवटचं, सेक्रेटरींच्या वतीने. काम काढण्याआधी समितीला अर्ज द्या. नहाणीची जागा हलवून खालच्यांच्या स्वयंपाकघरावर आणू नका. दुपारी ठोकाठोक नको, आणि राबिटाच्या गोण्या लिफ्टमधून नकोत.

दुसऱ्यांदा काम केलं तेव्हा पाणी भरून मी काकूंकडे गेले. दोघी छताकडे बघत बसलो. छत कोरडं. काकू म्हणाल्या, "बस आता, कोकम सरबत घे." वर्षभरानंतरचं ते पहिलं बोलणं. तुमच्या घरी काम निघालं तर तक्रार यायची वाट बघू नका, आधीच खालची बेल वाजवा.