नाण्यावरची थोर माणसे

(देवालयाच्या जीर्णोद्धार सोहळ्यानिमित्त योजलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दानपेटीतील पैसे मोजावयास बसले म्हणजे नाण्याची एकच बाजू पाहिली जाते. पाचाचे की दहाचे एवढे बघून नाणे ढिगात जाते. दुसऱ्या बाजूस कोण आहे आणि काय लिहिले आहे, हे सहसा कोणी वाचीत नाही. त्या दुसऱ्या बाजूबद्दल आज दोन शब्द सांगावयाचे आहेत.

नाण्यावर नाव घालणे ही राज्यसत्तेची खूण होय. ६ जून १६७४ रोजी रायगडावर शिवछत्रपतींना राज्याभिषेक झाला. सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई ही त्यांची नाणी. एका बाजूस ‘श्री राजा शिव’ व दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ अशी देवनागरी अक्षरे त्यांवर आहेत. महाराजांच्या मागे शंभराहून अधिक वर्षे शिवराई बाजारात चालली. कित्येक घरांच्या देव्हाऱ्यात ती अजून पूजेस असते. पुढे इंग्रजी अमदानीत रुपयावर राणीचा आणि राजाचा मुखवटा आला. १९५० साली तो जाऊन अशोकस्तंभाचे सिंह आले.

स्वतंत्र भारतात थोर व्यक्तीच्या स्मरणार्थ नाणे काढण्याची प्रथा १९६४ साली पंडित नेहरूंच्या निधनानंतर सुरू झाली. त्यांची मुद्रा असलेली पन्नास पैशांची व एक रुपयाची नाणी निघाली. १९६९ साली महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीनिमित्त वीस पैशांपासून दहा रुपयांपर्यंत नाणी निघाली. त्यातले पिवळे वीस पैशांचे नाणे वडीलधाऱ्यांना आठवत असेल. पंचवीस पैसे व त्याखालील नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली. सबब गांधीजींचे ते वीस पैसे आता व्यवहारात चालत नाहीत. घरी असल्यास आठवण म्हणून जपावे.

आपल्या जिल्ह्याचा या नाण्यांत मोठा वाटा आहे. लोकमान्य टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत झाला. टिळक आळीतील ते घर आज स्मारक म्हणून जतन केलेले आहे. त्यांच्या जन्माला दीडशे वर्षे झाली, त्या निमित्ताने २००७ साली पाच रुपयांचे नाणे निघाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातील आंबडवे. त्यांच्या जन्मशताब्दीचे एक रुपयाचे नाणे १९९० सालचे आहे. पुढे १२५ व्या जयंतीवर्षात, ६ डिसेंबर २०१५ रोजी, दहा रुपयांचे व १२५ रुपयांचे अशी दोन नाणी प्रकाशित झाली. १२५ रुपयांचे नाणे संग्रहासाठी आहे. त्याचे वजन ३५ ग्रॅम असून त्यात निम्मी चांदी आहे.

चळवळींचीही नाणी आहेत. दांडीयात्रेला ७५ वर्षे झाली म्हणून २००५ साली पाच रुपयांचे नाणे निघाले. ते हाती घेताना शिरोड्याची आठवण ठेवावी. तेथील मिठाचा सत्याग्रह १९३० च्या मे महिन्यात झाला, तेव्हा शिरोडे रत्नागिरी जिल्ह्यातच होते.

संतांचाही मान झाला आहे. १९९९ साली ज्ञानेश्वर माउलींचे एक रुपयाचे व शिवछत्रपतींचे दोन रुपयांचे नाणे निघाले. २००२ साली तुकोबारायांचे दोन रुपयांचे नाणे आले. ज्या तुकोबांनी धनाला मातीसमान मानले, त्यांचेच चित्र पैशावर आले! तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरास हजार वर्षे पूर्ण झाली तेव्हा, २०१० साली, पाच रुपयांचे आणि संग्राहकांसाठी एक हजार रुपयांचे नाणे निघाले.

आता व्यवहाराची गोष्ट. नाण्यांवरची चित्रे निरनिराळी असतात, म्हणून कोणी दहाचे नाणे खोटे ठरवितात. रेघा दहा की पंधरा, रुपयाचे चिन्ह आहे की नाही, यावरून दुकानात आणि एस.टी.त वाद होतात. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये स्पष्ट केले की दहा रुपयांची तोवर निघालेली चौदाही प्रकारची नाणी खरी आहेत व ती स्वीकारावीत. २०११ च्या नाणे कायद्याप्रमाणे एक रुपया व त्यावरील नाणी एका देण्यात एक हजार रुपयांपर्यंत चालतात. बाबासाहेबांचे नाणे ‘चालत नाही’ म्हणून परत करणे, यात त्या थोर पुरुषाचाही अवमान आहे आणि घेऊन आलेल्या गरिबाचेही नुकसान आहे.

याच्या उलट दुसरा प्रकार. वैष्णोदेवीचे चित्र असलेली पाच व दहा रुपयांची नाणी २०१२ सालची आहेत. त्यांना लाखो रुपये मिळतात असे सांगून फोन येतात आणि आधी ‘फी’ भरावयास सांगतात. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने जाहीर इशारा दिला की बँक अशा खरेदी-विक्रीत नाही आणि कसलीही फी वा कमिशन मागत नाही. देवीच्या नावाने लोभ दाखविणारा भक्त नव्हे, भामटा होय. म्हातारीच्या गाठीचे पैसे अशा फोनपायी जाऊ नयेत, याची काळजी घरातल्या शिकलेल्या मुलांनी घ्यावी.

विद्यार्थ्यांना एक सोपा अभ्यास सुचवावासा वाटतो. नाण्यावरील सालाखाली पाहावे. हिऱ्याची खूण मुंबईच्या टांकसाळीची, तारा हैद्राबादचा, ठिपका नोएडाचा आणि काहीच खूण नसेल तर नाणे कलकत्त्याचे. मग वरचे नाव वाचावे आणि तो माणूस कोण होता, हे घरात विचारावे. घरातल्यांना सांगता आले नाही तर गुरुजींना विचारावे.

पुतळा एका चौकात उभा राहतो. नाणे मात्र मासळीबाजारात, आंब्याच्या बागेत, शाळेत आणि देवळात फिरते. ज्यांनी आपले आयुष्य लोकांसाठी वेचले, त्यांच्या स्मरणाला याहून योग्य जागा कोणती? म्हणून नाणे नाकारू नये, त्याचा सट्टा करू नये, आणि देवापुढे ठेवण्यापूर्वी क्षणभर उलटून त्यावरचे नाव वाचावे. ग्रामदेवता सर्वांना तशी सुबुद्धी देवो, हीच प्रार्थना.