पांढरा थर आणि न दिसणारी घाण
(पालक मेळाव्यात दिलेले भाषण)



मी भाषेचा शिक्षक. पाण्यावर बोलण्याचा अधिकार खरे तर विज्ञानाच्या सरांचा. तरीही हा विषय मी मागून घेतला, कारण या बाबतीत माझ्या हातून एक चूक घडली आहे.

मनीषनगरात भाड्याने राहणारे एक पालक मला भेटले. तोटीवर पांढरा थर धरतो, साबणाला फेस येत नाही, तुरीची डाळ सोडा घातल्याशिवाय शिजत नाही. "सर, असे पाणी पिऊन मुले आजारी पडतील का?" मी फारसा विचार न करता म्हणालो, मशीन घेऊन टाका. मास्तरांचा शब्द म्हणून त्यांनी हप्त्यावर मशीन घेतले. त्याच पावसाळ्यात मुलाला कावीळ झाली आणि त्याची सहामाही परीक्षा बुडाली. मी भेटायला गेलो तेव्हा कळले की वीज गेली की मशीन बंद पडते आणि मुले मोरीच्या नळाचे पाणी पितात. ते पाणी इमारतीच्या जमिनीखालच्या टाकीतले. टाकीचे झाकण फुटलेले, आणि चार हातांवर सांडपाण्याचे चेंबर. कावीळ तेथूनच आली असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण ती पांढऱ्या थरातून आली नाही, हे नक्की.

मग मी विज्ञानाच्या सरांकडे विद्यार्थी होऊन बसलो.

ज्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त, ते जड पाणी. पुस्तकात त्याला दुष्फेन म्हणतात. (अणुभट्टीतले जड पाणी निराळे, विद्यार्थ्यांनी परीक्षेत घोटाळा करू नये.) नागपूरला महापालिकेचे पाणी मुख्यतः पेंच आणि कन्हान या नद्यांचे, शुद्ध करून, क्लोरीन घालून ते येते. बोअरचे पाणी मात्र खडकाच्या फटींत वर्षानुवर्षे मुरलेले असते. सीताबर्डीची टेकडी ज्या काळ्या पाषाणाची आहे, तोच पाषाण शहराच्या मोठ्या भागाखाली पसरला आहे. त्यातले क्षार पाण्यात उतरतात. रेल्वे लाइनपलीकडच्या नव्या वस्त्यांत पुष्कळ इमारती नळाचे आणि बोअरचे पाणी एकाच टाकीत सोडतात. मग तोटीतून जे येते ते ना धड पेंचचे, ना धड बोअरचे.

आमच्या आठवीच्या मुलांनी तीन सारख्या बाटल्या घेतल्या. एकीत पावसाचे पाणी, दुसरीत नळाचे, तिसरीत बोअरचे. प्रत्येकीत साबणाच्या द्रावणाचा एकेक थेंब टाकून हलवायचे आणि टिकाऊ फेस येईपर्यंत थेंब मोजायचे. पावसाच्या पाण्याला थोडक्यात फेस आला. बोअरच्या पाण्यात मोजता मोजता मुले कंटाळली, आणि फेसाऐवजी दह्यासारखा साका तेवढा जमला.

भारतीय मानकाप्रमाणे (२०१२) पिण्याच्या पाण्याची कठीणता लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी. दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालते. म्हणजे जड पाण्याने साबण, इंधन आणि गृहिणीची सहनशक्ती खर्च होते, पण तेवढ्याने ते विष ठरत नाही. उकळल्यावर काही क्षार तळाशी बसतात, जंतूही मरतात. तुरटीने गाळ बसतो, जडपणा जात नाही, आणि जंतू मेले असे समजू नये. बोअरच्या पाण्यात नायट्रेट असेल तर ते उकळल्याने जात नाही, उलट पाणी आटून वाढते. तान्ह्या बाळाच्या दुधासाठी असे पाणी वापरू नये. मशीन काही ठिकाणी खरोखर लागते, पण अगोदर पाणी तपासावे. ते एक लिटर शुद्ध पाणी देताना साधारण दोन-तीन लिटर पाणी मोरीत सोडते, हेही ध्यानात ठेवावे.

आपण मदरशात शिकलो की नापाक वस्तू पडून पाण्याचा रंग, वास, चव बदलली तर ते पाक राहत नाही. वजूसाठी ही कसोटी आहे आणि ती आपल्या जागी योग्यच आहे. पण पिण्यासाठी तेवढ्यावर विसंबता येत नाही. कावीळ आणि हगवणीच्या जंतूंना रंगही नसतो, वासही नाही. रात्री भांडी झाकून ठेवावीत, ही शिकवण आपल्याला पैगंबर साहेबांकडून मिळाली आहे. आपण घरातला माठ झाकतो. मग पन्नास घरांचे पाणी साठवणारी टाकी उघडी कशी चालते? ती कोणा एकाची नाही म्हणून?

त्या पालकांनी आणि मी मिळून इमारतीतल्या बारा घरांची दारे ठोठावली. वर्गणी जमायला तीन आठवडे गेले. एका गृहस्थांनी आम्हाला मशीनचे एजंट समजून दारच लावून घेतले. शेवटी लोखंडी झाकण बसले आणि टाकी घासून घेतली. आता दर तीन महिन्यांनी ती घासायची पाळी लावली आहे. त्या मशीनचे हप्ते मात्र अजून चालू आहेत, आणि ते पालक भेटले की माझी मान खाली जाते.

पुढच्या शनिवारी सकाळी आपापल्या टाकीचे पाणी स्वच्छ, उकळत्या पाण्याने धुतलेल्या बाटलीत घेऊन शाळेत या. क्लोरीन उरला आहे की नाही हे रंगावरून तेव्हाच दिसेल. तो लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम हवा. जंतूंसाठीची बाटली एक-दोन दिवस ठेवावी लागते. ती काळी पडली तर पाण्यात घाण शिरली आहे असे समजावे. निकाल सोमवारी फळ्यावर लावू. बाटलीवर घराचे नव्हे, टाकीचे नाव लिहा.