बक्षिसाचे निशाण

उज्जैनच्या फ्रीगंज भागात टावर चौक आहे. चौकात घड्याळाचा मनोरा, भोवती दुकानांची रांग आणि दिवस मावळला की चाट खायला जमलेली गर्दी. त्या गर्दीत मराठी बोल हटकून कानी पडतात. त्यात नवल नाही. राणोजी शिंद्यांनी अठराव्या शतकात येथे आपले ठाणे केले, त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखठणकर यांनी महाकालाचे मंदिर पुन्हा उभारले, आणि 1810 मध्ये दौलतरावांनी राजधानी ग्वाल्हेरच्या लष्करात नेईपर्यंत शिंदेशाहीचा कारभार या नगरीतून चालला. नगर शिंद्यांचे, पण चौकात घड्याळाचा मनोरा उभारण्याची चाल मात्र विलायतेतून आलेली. मालक आपला आणि थाट परका, असा हा मेळ आहे. हाच मेळ एका निशाणात अधिक स्पष्ट दिसतो. त्या निशाणाची हकीकत आज सांगावयाची आहे.

1 जानेवारी 1877 रोजी दिल्लीस मोठा दरबार भरला. व्हिक्टोरिया राणीने हिंदुस्थानची सम्राज्ञी ही पदवी धारण केल्याचे लॉर्ड लिटन यांनी तेथे जाहीर केले. साठांहून अधिक राजेरजवाडे हजर होते. ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदेही होते. या प्रसंगाची आठवण म्हणून व्हाइसरॉयने प्रमुख संस्थानिकांना एकेक रेशमी निशाण दिले. सुमारे पाच फूट लांब, तितकेच रुंद. रॉबर्ट टेलर नावाच्या बंगालमधील एका मुलकी अधिकाऱ्याने प्रत्येक घराण्यासाठी युरोपीय पद्धतीचे कुलचिन्ह आखले होते. पुढे 1902 मध्ये कलकत्त्यास त्याचे पुस्तकही छापले गेले.

शिंदे घराण्याचे चिन्ह नाग. निजलेल्या एका पूर्वजावर नागाने फणा धरून सावली केली, अशी त्यामागची आख्यायिका आहे. म्हणजे चिन्ह घरचेच होते. ते आता साहेबाने बेतून, विलायती ढालीच्या चौकटीत बसवून, घरधन्यालाच भेट दिले! देताना लिटनसाहेबांनी सांगितले की, हे निशाण जेव्हा जेव्हा उलगडाल तेव्हा इंग्लंडच्या सिंहासनाशी असलेले तुमचे निकट नाते आठवावे. आणि तुमचे घराणे बलवान, संपन्न व चिरस्थायी व्हावे ही सार्वभौम सत्तेची इच्छाही आठवावी.

शब्द गोड होते. पण त्या दिवशी जयाजीरावांचा स्वतःचा ग्वाल्हेरचा किल्ला कोणाच्या ताब्यात होता? इंग्रजांच्या. 1858 पासून तेथे इंग्रजी फौज होती आणि किल्ला परत मिळाला तो 1886 मध्ये. तोवर जयाजीराव हयात नव्हते किंवा अखेरच्या दिवसांत होते, याचा काथ्याकूट न करताही एवढे दिसते की, ज्याच्या राजधानीच्या माथ्यावर दुसऱ्याचा पहारा, त्याच्या हाती बळ आणि स्थैर्य यांची ग्वाही देणारे रेशीम ठेवले गेले. सत्तावन साली जयाजीराव इंग्रजांच्या बाजूने राहिले होते. त्या निष्ठेचीही किंमत एवढीच.

निशाणाचे वजनही ध्यानात घेण्याजोगे होते. त्याचा पितळी दांडा इतका जड की, एक निशाण उचलायला दोन धिप्पाड हायलंडर शिपाई लागत. पुढील मिरवणुकांत संस्थानिकांना ही निशाणे बहुधा हत्तीवरच चढवावी लागतील, असे स्वतः लिटनने राणीला कळवले. जे निशाण आपल्या माणसाला खांद्यावर पेलत नाही, ते फौजेच्या पुढे कसे चालणार? ते मिरवायचेच.

त्याच दरबारास पुण्याचा एक माणूस गेला होता. सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी, आपले सार्वजनिक काका. अंगावर हाताने कातलेल्या सुताची खादी. हिरेमोत्यांच्या त्या लखलखाटात सभेचे मानपत्र घेऊन ते उभे राहिले. इकडे दख्खनेत व मद्रास इलाख्यात भीषण दुष्काळ पडला होता. लोक अन्नावाचून मरत होते. त्या दिवशी दिल्लीत रेशमी निशाणे पुष्कळ होती; पण आपल्या लोकांची खूण म्हणावी असे वस्त्र त्या खादीतच होते. तिला दांडा लागला नाही, हत्ती लागला नाही.

मग ही बक्षिसाची निशाणे जाळावीत की काय? मुळीच नाही. ती जपावीत. रेशमावरचे काम नामी आहे आणि इतिहासाचा पुरावा म्हणून त्यांचे मोल मोठे आहे. मात्र ती दाखवताना राजवैभवाचीच कथा सांगून थांबू नये. किल्ल्यावरचा पहारा आणि दुष्काळातली भूकही त्याच श्वासात सांगावी. वारसा जपायचा म्हणजे त्यातले खरेखोटे आपल्याला कळले पाहिजे.

28 मे 1948 रोजी ग्वाल्हेर संस्थान मध्यभारतात विलीन झाले. राष्ट्राचे निशाण आता तिरंगा आहे. टावर चौकात उभा राहणारा दुकानदार, हमाल, विद्यार्थी यांपैकी कोणालाही ते कोणी बक्षीस दिलेले नाही. ते उचलायला हायलंडर लागत नाहीत. लहान मूलही ते हाती धरू शकते.